‘साठ’ आणि ‘आठ’

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सर्दी-ताप आला की त्याची लघवी कोऱ्या चहासारखी होते. जनुकीय तपासणीत एक्स गुणसूत्रावरचा अल्पोर्ट सिंड्रोम, म्हणजे किडनी, कान आणि डोळ्यांचा आनुवंशिक आजार निघाला. माझ्या भावाच्या किडन्या चोविसाव्या वर्षी निकामी झाल्या, त्याला ऐकूही कमी येतं. हल्ली मुलाला ‘साठ’ सांगितलं की तो ‘आठ’ लिहितो. घरात सगळे म्हणतात, आईकडून आलं. मी ठणठणीत आहे, वेळ आली तर माझी किडनी देईन. – एक आई

उत्तर : ताई, ‘साठ’चं ‘आठ’ तुम्ही टिपलंत, हे फार बरं केलंत. या आजारात आधी उंच पट्टीचे आवाज जातात आणि ‘स’ त्यांतलाच. हाक मारली की मूल ओ देतं, त्यामुळे कानाची शंका कुणाला येत नाही. धांदरटपणाचा शिक्का मात्र बसतो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, लगेच करा, पुढे दरवर्षी. श्रवणयंत्राचा चांगला उपयोग होतो. वर्गात त्याला शिक्षकांचं तोंड दिसेल असं बसवा.

किडनीची चाळणी आणि अंतर्कर्णातला पडदा एकाच प्रकारच्या, चौथ्या प्रकारच्या कोलॅजेन या प्रथिनावर उभे असतात. तेच सदोष असलं की दोन्ही झिजतात. डोळ्यांच्या भिंगातही ते असतं, तेव्हा डोळेही दाखवा.

‘आईकडून आलं’ हे खरंच आहे, पण त्यात दोष कसला? मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. मला काळजी तुमच्या ‘ठणठणीत’ची वाटते. सेसिल अल्पोर्ट यांनी १९२७ मध्ये एका ब्रिटिश कुटुंबाबद्दल लिहिलं, त्यात पुरुष तरुणपणी दगावत आणि बायका म्हातारपण गाठत. तेवढ्यावरून आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं बायकांना नुसत्या ‘वाहक’, म्हणजे स्वतः आजारी न पडता दोष पुढे देणाऱ्या, म्हणत आलो. मीही एका मुलाच्या आईची लघवी कधी तपासली नव्हती. आठ वर्षांनी त्याच बाई सुजलेले पाय घेऊन माझ्यासमोर पेशंट म्हणून बसल्या.

तुमची लघवी, त्यातलं प्रोटीन, रक्तदाब, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन सगळं तपासा. आणि किडनी देण्याचं आत्ता मनातून काढा. सदोष जनुक तुमच्यातही आहे, त्यामुळे एका किडनीवर राहणं तुम्हाला महागात पडू शकतं. दाता म्हणून तुमचा विचार अगदी शेवटी. मुलाच्या वडिलांचा आधी होईल. प्रत्यारोपणाने कान मात्र सुधारत नाहीत.

अर्थात तो दिवस बराच लांबवता येतो. रामिप्रिलसारखी रक्तदाबाची गोळी सुरू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर किडनीतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा. रक्तदाब आणि क्रिएटिनिन नॉर्मल असले तरी ती देतात, कारण चाळणीवरचा दाब कमी करायचा असतो. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत ती थांबवायची का, हेही विचारून ठेवा. तापाला आयब्युप्रोफेन नको. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन किडनी आणि कान दोन्हींना मारक असतं. ही दोन नावं त्याच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहा. रात्री-अपरात्री तपासणारा डॉक्टर नवा असतो.