सूर्याचा डफ कधी ताणतो?

प्रश्न: नमस्कार सर, पोरगा मोबाईलवर वाचत होता का सूर्य आतून घंटीसारखा वाजते आन् त्याच्यावरचे डाग वाढले का आवाज बदलते. हे खरं हाय काय? आन् मे महिन्यात आमच्याकडे एवढं तापते ते याच्यानंच काय?
– एक कापूसवाला, जि. यवतमाळ

उत्तर: पोरगा बरोबर वाचून राहिला भाऊ, फक्त तो आवाज कोणाले ऐकू येत नाही. सूर्याच्या पोटात गॅस सारखा खदखदते, त्यातून ध्वनिलहरी उठतात, वरपर्यंत येऊन परत खाली वळतात, आन् त्यापायी सूर्याचा पृष्ठभाग साधारण दर पाच मिनिटांनी वरखाली होते. 1960 च्या आसपास अमेरिकेत लेटन या शास्त्रज्ञांनी हे पकडलं. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाले किती वेळा हलते ते, म्हणाल तर 3000 मायक्रोहर्ट्झच्या (मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग) जवळपास.

आता डागांचं. 11 वर्षांच्या चक्रात डाग वाढले का ही फ्रिक्वेन्सी चढते, पण किती, तर 0.4 मायक्रोहर्ट्झ! साडेसात हजारांत एक भाग. थंडीत भजनाच्या आधी आपण डफ शेकोटीवर धरतो ना, कातडं ताणलं का टण्ण वाजते, लाकडी कड्याले मात्र काही होत नाही, तसंच समजा. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी पार वरच्या थरापर्यंत येतात, बदलही त्यांच्यातच जास्त दिसते, कमीवाल्या खालूनच वळतात, त्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणजे भानगड वरच्या कातड्यातच आहे. डफाची गोष्ट इथंच सोडा बरं, नाहीतर कोणी म्हणन सूर्य शेकला म्हणून, तिथं काम चुंबकीय क्षेत्राचं आहे.

एवढासा फरक मोजायले महिनोन् महिने सूर्यावर नजर लागते, मधात रात्र नको. म्हणून 1995 पासून गाँग (GONG) नावाच्या सूर्य पाहणाऱ्या जाळ्याच्या सहा दुर्बिणी जगभर पहारा देतात, त्यातली एक आपल्या उदयपुरात. एकीकडे अंधार पडला का दुसरी चालू, आपल्या मोटरपंपाच्या लाईनीसारखं एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असं नाही.

उन्हाचं म्हणाल तर डागांच्या चक्रानं सूर्याची ऊर्जा जेमतेम 0.1 टक्का इकडेतिकडे होते, त्याच्यानं यवतमाळ तापत नाही. समुद्र दूर आन् सूर्य डोक्यावर, हे खरं कारण. 20 मे नंतर दोनेक दिवसांनी दुपारी सव्वाबाराले बैलाच्या खुंट्याची सावली पाहा, सापडलीच तर सांगा.