आधी कड्या मोज

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. बेळगावच्या खानापूर तालुक्यात, अकरा दिव्यांग माणसांच्या घरावर प्रमुख म्हणून रुजू होतेस हे वाचून आनंद झाला आणि जरा पोटात गोळाही आला. ‘बाई, पैसे थोडेच आहेत, सुरक्षिततेसाठी आधी कॅमेरे बसवू की कंपाउंड उंच करू?’ असं विचारलं आहेस. दोन्ही राहू दे. पहिल्या संध्याकाळी वही घेऊन घरभर फीर आणि दारांच्या कड्या मोज. आतून लागणाऱ्या किती, बाहेरून लागणाऱ्या किती. संडास-न्हाणीला आतून कडी आहे का, तेही लिही. बहुतेक ठिकाणी उलटं असतं: खोलीला बाहेरून कडी आणि संडासाला काहीच नाही.

बाहेरची कडी लावताना प्रत्येक जण एकच सांगतो, त्यांच्याच भल्यासाठी लावतो. तमिळनाडूत एर्वाडीला मनोरुग्णांच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली, तेव्हा साखळीनं बांधून ठेवलेली २८ माणसं जळून गेली. त्यांनाही भल्यासाठीच बांधलं होतं. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नं साखळीला बंदी आहे. साखळी गेली, पण कडी सगळीकडे आहे. रात्री वीज गेली, बोर्डातून धूर यायला लागला, तर किल्ली कुठं? मावशीच्या कनवटीला. आणि दिवसभर राबलेली मावशी गाढ झोपेत.

मी एकदा भर दुपारी घंटा वाजवली आणि सगळ्यांना अंगणात आणायला सांगितलं. नऊ माणसं, त्यांत दोघं चाकाच्या खुर्चीवर. १९ मिनिटं लागली. एक खुर्ची पायरीवर अडकली, दुसरीच्या वाटेत तांदळाची पोती. तीन महिन्यांनी आम्ही ६ मिनिटांवर आलो, तेही पोती हलवून आणि पायरीवर सिमेंटचा उतार करून. एवढाच खर्च. तू हे रात्रीही करून बघ. स्टाफ नाकं मुरडेल, मुरडू दे.

आता तू म्हणशील, दार उघडं ठेवलं तर माणूस पळून जाईल. प्रत्येक घरात असा एक ‘पळणारा’ असतोच. आमच्याकडचे एक गृहस्थ रोज साडेचारला फाटकाशी जायचे. कुलूप दिसलं की फाटक गदागदा हलवायचे, अडवणाऱ्याला चावायचे. त्यांची बहीण भेटायला आली तेव्हा उलगडा झाला. वडील बाजारातून त्या वेळेच्या बसनं परत यायचे आणि हे त्यांना आणायला जायचे. मग आमचा एक मामा, म्हणजे मदतनीस, रोज त्यांच्याबरोबर स्टँडवर जायला लागला. चहा प्यायचे, बस बघायचे, परत यायचे. चावणं बंद झालं आणि कुलूपही निघालं.

अशा वेळी घरच्या माणसांना विचारायचं असतं हे मी तिथं शिकले. ऐकायचं कसं, हे मात्र फार महागात शिकले. दुसऱ्या एका घरात चिक्कोडीकडचा एक जण होता, घरची भाषा कानडी. आमचा सगळा स्टाफ मराठी. तो भिंतीवर डोकं आपटायला लागला आणि मधूनच म्हणायचा, ‘हल्लु, हल्लु.’ आम्हाला वाटलं ‘हळू, हळू’ म्हणतोय. म्हणून आम्ही त्याला हळू चालवायला लागलो, हळू भरवायला लागलो! आपटणं थांबेना म्हणून झोपेच्या औषधाचा डोस वाढवून घेतला. अठरा दिवसांनी गाल सुजला तेव्हा कळलं. कानडीत हल्लु म्हणजे दात. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. अठरा दिवस तो माणूस नीट शब्दांत सांगत होता आणि आम्ही त्याला गुंगीत ठेवत होतो. त्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली, तरी दाढ दुखली की मला तो आठवतो.

म्हणून तुझ्या घरात कोण कुठली भाषा घेऊन आलंय याची यादी आधी कर. मराठी, कानडी, उर्दू, कोकणी, सगळं निघेल. पुस्तकातलं ‘बेडा’ आपल्याकडच्या कानडीत ‘ब्याड’ होतं, म्हणजे नको. साक म्हणजे पुरे, नीर म्हणजे पाणी, नोवु म्हणजे दुखतंय. एवढं तरी आचाऱ्यालासुद्धा यायला हवं. आणि ज्याला कुठलीच भाषा बोलता येत नाही, त्याचं वागणं बदललं की आधी दात, कान, पोट आणि लघवी तपासून घे. मानसोपचाराची चिठ्ठी त्यानंतर.

पोटावरून आठवलं. बद्धकोष्ठ हा विनोदाचा विषय नाही. कमी हालचाल, कमी पाणी, त्यात मनावरच्या गोळ्या. आतडं तुंबून माणूस दगावू शकतो, आणि न बोलणारा माणूस तोंडातून अवाक्षर न काढता दगावतो. शौचाची वही ठेव. तीन दिवस कोरे गेले की डॉक्टरांना फोन. वहीला स्टाफ हसला तर सांग, बाईंच्या घरात ही वही देवघराशेजारी असायची. (खरंच असायची. जागाच दुसरी नव्हती.)

जेवणाच्या वेळी स्वतः हजर राहा. दोन मावश्या आणि अकरा ताटं म्हणजे घाई ठरलेली, आणि घास अडकतो तो घाईनंच. सेरेब्रल पाल्सीवाल्याला (मेंदूच्या इजेमुळं ज्याचा स्नायूंवर ताबा नसतो त्याला) आडवं ठेवून कधीही भरवू द्यायचं नाही. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, घास छोटा, पहिला गिळला की दुसरा. जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं. अन्न श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो आणि सगळे म्हणतात ‘थंडी बाधली’. भाकरी आमटीत पूर्ण भिजवायची, शेंगाचटणी कोरडी द्यायची नाही.

फिट आली की आपल्याकडे चप्पल आणि कांदा घेऊन धावणारे चार जण निघतातच. त्यांना बाजूला कर. तोंडात चमचा नको, पाणी नको, हातपाय दाबून धरणं नको. कुशीवर वळव, डोक्याखाली काही मऊ ठेव आणि घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. फिटची गोळी अचानक थांबली की फिट उसळून येते, आणि तुझ्या भागात जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबीकडचा पाऊस रस्ते अडवतो. पंधरा दिवसांचा साठा कायम जादा ठेव, आणि तो कुलपात. कुलूप हवं ते तिथं.

न्हाणीत आधी गार पाणी, मग बंबातलं. आणि अंगावर घालायच्या आधी स्वतःच्या कोपरानं बघायचं. अर्धांग झालेल्याला पुष्कळदा चटका कळत नाही. गॅस गीझर बंद न्हाणीत लावलेला असेल तर मला उत्तर लिहायच्या आधी तो बाहेर काढ. त्याच्या विषारी वायूला वासही नसतो.

बायकांचं सगळं बायकांनीच करायचं, माणूस कमी पडलं तरी. याबाबत मी कडक आहे आणि राहणार. चंदीगडला सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका बौद्धिक दिव्यांग मुलीवर संस्थेतच बलात्कार झाला. पुढं तिच्या गर्भाचं काय करायचं हे तिला सोडून सगळे ठरवत होते. शेवटी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तिच्या संमतीशिवाय गर्भपात करता येणार नाही. अत्याचार संस्थेत होतो तेव्हा तो बहुतेक वेळा किल्ली हातात असलेल्या माणसाकडून होतो. तो माणूस तुझ्या हाताखालचा असू शकतो, ट्रस्टीही असू शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडं कुणालाही माहिती देता येते. तालुक्याला तहसीलदारांकडं ते अधिकार असतात. पोलीस आहेतच. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे वाक्य तुझ्या कानावर पडेल. ते बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेव.

कागदांचं थोडक्यात सांगते. त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे नोंदणीशिवाय घर चालवता येत नाही. प्रमाणपत्राची मुदत तपास. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगत्व असलेल्यांचं पालकत्व १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतं. निरामय हा आरोग्यविमा त्याच न्यासाचा, वर्षाला एक लाखापर्यंत. कचेरीतला सगळा व्यवहार कानडीत, तेव्हा लिहायला शीक, वाद घालत बसू नकोस. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, पेन्शन मात्र राज्याची. महाराष्ट्रातल्या चंदगडहून आलेल्या माणसाची कर्नाटकात पेन्शन नाही म्हणून त्याच्या ताटातलं दूध कमी झालेलं मी पाहिलंय.

आणखी एक, आणि हे मला राग येऊनच लिहावं लागतंय. अर्धं डोकं पांढरं झालेल्या माणसाला ‘आमची मुलं’ म्हणू नकोस. एकदा मूल म्हटलं की त्याच्या अंघोळीच्या वेळी दार उघडं ठेवायला काही वाटेनासं होतं, त्याचे पैसे त्याला न विचारता खर्च होतात. नाव घे, अण्णा म्हण, अक्का म्हण. वाढदिवसाला कुंद्याची मिठाई घेऊन येणारे देणगीदार सगळ्यांना ओळीनं उभं करून फोटो काढतात, त्यांना चहा दे आणि फोटोला नाही म्हण. वाईट वाटेल, एखादी देणगी जाईल. काहींना मधुमेह असतो, तो कुंदाही तसा परवडणारा नसतोच.

मामा-मावश्यांचा पगार महिन्याच्या पाच तारखेच्या आत होईल एवढं ट्रस्टींकडून लिहून घे, आणि सलग चोवीस तासांची ड्युटी कुणालाही लावू नकोस. माझ्या देखरेखीखाली एका माणसानं थप्पड खाल्ली, ती थप्पड मारणारी मावशी एकोणतिसाव्या तासाला उभी होती. मी तिला काढून टाकलं. ड्युटीचा तक्ता कुणी केला होता, हे मला कुणी विचारलं नाही. तो मीच केला होता.

गणपतीला मी बेळगावातच आहे, मधला एक दिवस तुझ्याकडं येईन. तोवर कड्यांचा आकडा कळव. आणि अकरा जणांची नावं, प्रत्येक जण चहात साखर किती घेतो, आणि कोण कुठल्या कुशीवर झोपतं, तेही.

तुझी,
बाई