नुसत्या अल्कोहोलने पल्प पांढरा का होत नाही?

प्रश्न: मी केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिग्निन (लाकडातले फायबर चिकटवून ठेवणारा, पल्पला तपकिरी रंग देणारा पदार्थ) इथेनॉलमध्ये विरघळतं असं वाचलं म्हणून प्रोजेक्टसाठी क्राफ्ट पल्प (लाकूड कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवून केलेला कागदाचा लगदा) शुद्ध इथेनॉलमध्ये गरम केला, पण रंग जवळपास तसाच राहिला. मग ब्लीचिंगमध्ये सॉल्व्हंटचा (इथेनॉलसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाचा) उपयोग असतो तरी का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर: असतो, पण सॉल्व्हंट लिग्निन तोडत नाही हो, तुटलेलं उचलून नेतो. क्राफ्ट पल्पचा कप्पा नंबर (पल्पमध्ये किती लिग्निन उरलंय ते दाखवणारा आकडा) 30 असेल तर साधारण साडेचार टक्के लिग्निन उरलेलं असतं, आणि ते असतं सगळ्यात चिवट, फायबरच्या भिंतीत अडकलेलं. ते आधी ऑक्सिजन, क्लोरीन डायऑक्साइड किंवा ओझोनने फोडावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे शुद्ध इथेनॉल. फायबर पाण्यात फुगतं तसं त्यात फुगतच नाही, मग आतले तुकडे बाहेर येणार कुठून? शिवाय लिग्निनला नुसतं पाणीही चालत नाही नि नुसतं अल्कोहोलही फारसं मानवत नाही, त्याला मिश्रण लागतं, इथेनॉल निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत. अ‍ॅसिटोन किंवा डायऑक्सेन पाण्यात मिसळून घेतलं तरी हाच प्रकार.

ओझोनच्या बाबतीत मात्र सॉल्व्हंट आणखी एक काम करतो, आणि मला तरी हाच भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. पाण्यात ओझोन फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्यावर तुटून पडणारे रेणूंचे तुकडे) तयार होतात, ते लिग्निनबरोबर सेल्युलोजही, म्हणजे ज्याचं फायबर बनलेलं असतं तेच, तोडतात, पल्पची व्हिस्कॉसिटी पडते, म्हणजे सेल्युलोजच्या साखळ्या आखूड होतात. थोडं मिथेनॉल असलं की बरेचसे रॅडिकल तेच खाऊन टाकतं.

मग मिलमध्ये का वापरत नाहीत? कारण तिथे कॉस्टिक सोडा तुटलेलं लिग्निन उचलायचं हेच काम स्वस्तात करतो, ऑक्सिडाइज झालेल्या लिग्निनवर आम्लगट येतात आणि ते अल्कलीच्या पाण्यात सरळ विरघळतं. सॉल्व्हंट म्हटलं की आगीची भीती, प्रेशर, डिस्टिल करून परत मिळवायचा खर्च. कॅनडात न्यू ब्रन्सविकला इथेनॉल-पाण्यात लाकूड शिजवणारा अ‍ॅलसेल प्लांट 1989 ला सुरू झाला होता, 1996 मध्ये बंद पडला.

प्रोजेक्ट पुढे न्यायचा असेल तर आधी पेरॉक्साइड द्या, मग पन्नास टक्के इथेनॉलने एक्स्ट्रॅक्शन करा (तुटलेलं लिग्निन विरघळवून काढा), शेजारी कॉस्टिकचा सॅम्पल ठेवा आणि दोन्हींचा कप्पा नंबर काढा. पहिली धुलाई मात्र त्याच गरम मिश्रणाने, एकदम पाणी ओतलंत तर विरघळलेलं लिग्निन परत फायबरवर बसतं. आणि इथेनॉल असताना ओझोन किंवा ऑक्सिजन सरांशिवाय अजिबात सोडू नका.