बी.एस्सी. सोडू देऊ नका: बुडालेल्या वस्त्यांच्या अभ्यासाची वाट

स. न. वि. वि.

आपली मुलगी चिपळूणला वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंग्लंडच्या वाइट बेटालगत समुद्रतळाशी सापडलेल्या आठ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीविषयी वाचल्यापासून बी.एस्सी. सोडून इतिहासात बी.ए. करण्याचा हट्ट धरून बसली आहे, असे आपण कळवले आहे. पाण्यात बुडी मारून करायचे काम तिला झेपेल का आणि त्यावर पोट भरेल का, असेही आपण विचारले आहे. तिला बी.एस्सी. पूर्ण करू द्यावी, असे माझे ठाम मत आहे. कारण तिला ज्या विषयाची ओढ लागली आहे, तो बराचसा वनस्पतिशास्त्राचाच आहे.

बोल्डनर क्लिफ ही ती वस्ती सुमारे ११ मीटर खोल पाण्यात आहे. १९९९ मध्ये एका शेवंडीने बिळातून उकरून टाकलेल्या घडीव गारगोट्यांमुळे ती लक्षात आली. तिथल्या गाळात प्राणवायू पोहोचत नसल्याने लाकूड कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. पेशीभित्तिकांतील सेल्युलोज झिजत जाते, पण लाकडाला कणखरपणा देणाऱ्या लिग्निनचा सांगाडा उरतो आणि पेशींत भरलेले पाणी त्याचा आकार टिकवते. असे लाकूड उघड्यावर वाळले की आक्रसते आणि तडकते, म्हणून त्यात पाण्याच्या जागी पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ मुरवावा लागतो. तेथे ओकचा सुमारे मीटरभर लांबीचा एक तुकडा मिळाला. फळी खोडाच्या गाभ्यातून फाडली की कडेने, हे तिच्यातील मज्जाकिरणांच्या, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांच्या, दिशेवरून कळते. ही फळी कडेने फाडलेली निघाली, आणि हे कसब ब्रिटनमध्ये त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी आले असा तोवर समज होता. लाकडातील अशा खुणा वाचण्यासाठी लागणारी नजर आपल्या मुलीला आजच्या प्रयोगवहीतूनच मिळत आहे.

पाण्यात उतरणे सर्वांनाच लागते असे नाही. वेल्समध्ये सेव्हर्न खाडीकाठी गोल्डक्लिफ येथे मार्टिन बेल यांच्या पथकाने लोहयुगातील आयताकृती लाकडी घरे ओहोटीच्या मोजक्या तासांत उकरली. भोवती गुरांच्या खुरांचे ठसे होते, त्यामुळे ही घरे हंगामी चराईसाठी असावीत असे मानतात.

पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करून तिने प्राचीन वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासावर भर द्यावा. नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी लपवत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा सागरी पुरातत्त्व विभाग २००१ मध्ये सुरू झाला आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अशी संशोधने होतात. पण तेथील जागा मोजक्याच. लाकूड आणि परागकण ओळखता येणाऱ्याला मात्र जमिनीवरील उत्खननांतही काम असते. इंग्लंडातील शिक्षणासाठी कर्ज काढण्याचा विचार असल्यास तो एम.ए. होईपर्यंत बाजूला ठेवावा.

येत्या सुट्टीत तिने साग, ऐन, आंबा आणि फणस यांच्या लाकडाचे आडवे व दोन्ही प्रकारचे उभे (गाभ्यातून जाणारे आणि कडेने घेतलेले) छेद ब्लेडने घ्यावेत, स्लाइड कराव्यात आणि नावे झाकून त्या ओळखून पाहाव्यात. महिनाभर हे काम करून तिचा उत्साह टिकला, तर प्रवेश परीक्षेचा अर्ज निःशंक भरू द्यावा.