घरच्यासारख्या माणसांशी हिशेबाचं कसं बोलायचं?

"मॅडम, आपलीच माणसं ती, त्यांच्याशी पैशाचं कसं बोलू?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात इतक्या वेळा येतो, खानावळ चालवणाऱ्या येतात, बोटवाले येतात, आणि मागे मालवणकडची एक चांदीचे दागिने घडवणारी आली होती, तिची गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल ते बदललंय.

ती आली होती झोप लागत नाही म्हणून. रात्री अडीचला जाग येते, पोटात गोळा येतो, मग मोबाईलवर ऑर्डरी मोजत बसते. काम तसं छान चाललेलं. सावंतवाडीचे लाकडी खेळण्यांवाले एक काका तिला गंजिफासारख्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांसारख्या, चकत्या रंगवून द्यायचे, रुपयाएवढ्या, मत्स्य, कूर्म वगैरे, ती त्याला चांदीची कड घालून कानातली करायची आणि एक होमस्टेवाली वहिनी ती पर्यटकांना विकायची. तिघंही एकमेकांच्या घरी जेवलेले. आणि तिचं पहिलं वाक्य काय, तर "मी स्वार्थी झालेय का हो?"

झालं असं होतं की पावसात काही जोड काळे पडून परत आले. खारी दमट हवा, चांदी काळवंडणारच, पण वहिनीने गिऱ्हाइकांना पैसे परत दिले आणि ते हिच्या हिशेबातून कापले, ही गप्प. चांदी हिने स्वतःच्या पैशाने आणलेली. मग होमस्टेच्या इन्स्टावर फोटो पडला, "आमचं नवीन कलेक्शन", ना हिचं नाव ना काकांचं, तरी गप्प. वर गणपतीआधी 40 जोड हवेत म्हटल्यावर ही म्हणाली, "हो, देते की."

याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. आपल्याकडे माणूस बाजारात भेटतो, जत्रेत भेटतो, लग्नात शेजारी जेवायला बसतो, बिनसलं तर तोंड चुकवून जाणार कुठे? ही भीती खरी आहे, म्हणून नुसतं "ठामपणे बोला" सांगून मी कुणाला घरी पाठवत नाही. पण तिला एक विचारलं, काकांशी शेवटचं मनमोकळं कधी बोललीस? तर ती महिनाभर त्यांचे फोनच टाळत होती. म्हणजे नातं टिकवायला गप्प बसली आणि नातंच विरत चाललेलं.

मग कागदावर तीन रकाने करायला लावले, कोण किती माल घालतं, किती वेळ घालतं, आणि नुकसान झालं तर कुणाचं. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे तिचंच नाव आलं. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत बसली.

डिझाइन कुणी चोरलं तर, हीपण धास्ती होतीच. दशावतारी गंजिफा पिढ्यानपिढ्या चालत आलेला, दहा रंग, 120 पानं, तो काही हिचा एकटीचा नाही आणि काकांचाही नाही, पण तो कानात घालायची ही घडण दोघांची. कायद्याचं मी सांगू नये म्हणून वकिलाकडे पाठवलं. तिथे कळलं की डिझाइन अ‍ॅक्ट 2000 प्रमाणे डिझाइन जगाला दाखवायच्या आधी नोंदवावं लागतं, मग सुरुवातीला 10 वर्षं संरक्षण मिळतं. जुन्याचे फोटो पडून गेलेले, नवीन मात्र अजून वहीतच होतं. एवढं कळल्यावरही ती बरीच मोकळी झाली, नुसत्या धास्तीपेक्षा हातात काहीतरी आलं.

बोलण्याची तालीम केली, मी काका झाले. पहिल्या खेपेला तिने तीनदा सॉरी म्हटलं. मग मी विषय बदलला, म्हटलं हे कानातलं करतेस कसं ते तरी सांग, आणि ती एकदम खुलली, चकतीवरच्या लाखेला आच अजिबात चालत नाही हो, म्हणून सगळे डाग, म्हणजे चांदी आचेवर सांधायची ते, आधी द्यायचे, घासायचं, पॉलिश करायचं आणि चकती सगळ्यात शेवटी, नुसती कड दाबून बसवायची. सांगता सांगता मध्येच थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आचेचं काम आधी उरकायचं." मी काहीच बोलले नाही, ते तिचं तिलाच दिसलं.

त्याच आठवड्यात ती सावंतवाडीला गेली. "काका, माका तुमच्यावांगडा जरा हिशेबाचा बोलूचा आसा." काका म्हणाले, "मगे इतके दिस गप कित्याक रवलंस?" आणि त्यांचंच ऐकून ही थक्क झाली, पाच चकत्या केल्या की एक बिघडायची आणि ते पैसे चारचेच घ्यायचे, पोरीसारखी आहे म्हणून बोलले नव्हते. तेही आतल्या आत कुढत होते!

वहिनीचं इतकं सोपं नाही गेलं. तिला राग आला, 40 चे 15 जोड झाले, काही दिवस फोन बंद. पण चांदीचे अर्धे पैसे ती आता आधी देते, आणि डबीत हिच्या आणि काकांच्या नावाची चिठ्ठी असते, जोड कोरडा ठेवा, समुद्रात घालू नका असं लिहिलेली.

अडीचची जाग कधीकधी अजून येते म्हणते. परवा फोनवर सांगत होती, काका आता बिघडलेली पाचवी चकतीपण बिलात लिहितात, आणि ती चकती ही घरी घेऊन येते.