तुमचे प्रश्न, आमची उत्तरे: झटके येणाऱ्या लेकरांची काळजी आणि हक्काची मदत

प्रश्न: मुलगा 6 वर्षांचा, वजन 15 किलो. जन्मल्यावर लगेच रडला नव्हता. अजून बसत नाही, बोलत नाही. महिन्यातून दोन-तीनदा झटके येतात. सोडियम व्हॅल्प्रोएटचं पातळ औषध 5 मिली सकाळी, 5 मिली रात्री चालू आहे; दोन वर्षांत डोस बदललेला नाही. पेरणीच्या दिवसांत नागपूरला जाणं झालं नाही, औषध सहा-सात दिवस बंद राहिलं आणि झटका थांबतच नव्हता. घरचे कांदा हुंगवतात, हातात किल्ली देतात. अशा वेळी नेमकं काय करावं?
— एक आई, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, तो लांबलेला झटका औषधाच्या खंडामुळेच आला असण्याची शक्यता सर्वात जास्त. हे औषध एकाएकी थांबलं की मेंदू आधीपेक्षाही जास्त चिडतो. म्हणून आधी हिशेब बाटलीचा करा. दिवसाला 10 मिली म्हणजे 100 मिलीची बाटली 10 दिवस पुरते. महिन्याला तीन बाटल्या, आणि 31 दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी तिसरीही कोरडी. एक सीलबंद बाटली कायम घरात राहिली पाहिजे. ती फोडली त्याच दिवशी पुढची आणायची. दर महिन्याला नागपूर गाठायची गरज नाही. तिथल्या तज्ज्ञांचा कागद घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दाखवा. अधल्यामधल्या विचारपुशीसाठी गावच्या उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं.

मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर लेबल वाचा: "5 मिलीत 200 मिलीग्रॅम" हेच हवं. घरातला चमचा मापाला धरू नका, कुठल्यात 3 मिली मावतं, कुठल्यात 7. सुई काढलेली 5 मिलीची सिरिंज घ्या आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. डोस विसरला तर आठवताच द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट देऊ नका.

डोस वजनावर ठरतो. तुमच्या बाळाला सध्या किलोमागे 26-27 मिलीग्रॅम रोज जातं. नेहमीचा पल्ला साधारण 20 ते 40 चा असतो, म्हणजे वाढवायला जागा असू शकते. पण तो निर्णय डॉक्टरांचा. औषध नियमित असूनही दोन-तीन झटके येतात हे त्यांना तारखांसह दाखवा, नुसतं "येतात कधीकधी" म्हणू नका. सारख्या उलट्या, गुंगी, डोळे पिवळे, अंगावर काळेनिळे डाग यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आता प्रत्यक्ष झटका. पहिलं काम घड्याळ पाहण्याचं. लेकराला चूल, पाटा, खाटेची कड यांपासून दूर घ्या, कुशीवर वळवा म्हणजे लाळ-उलटी बाहेर जाईल, डोक्याखाली घडी केलेलं लुगडं ठेवा. हातपाय दाबून धरू नका. दातखीळ उघडायला चमचा घातला तर दात तुटून श्वासनळीत जाऊ शकतो. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा थेंबही नको. कांदा आणि किल्लीचं गुपित एवढंच की बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय हातातल्या वस्तूला जातं. जो झटका थांबत नाही, त्याच्यापुढे कांदाही हरतो.

5 मिनिटं झाली, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरा झटका सुरू झाला, की झटका थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलम स्प्रे आणि 108 ला फोन, दोन्ही एकाच वेळी. मात्रा साधारण किलोमागे 0.2 मिलीग्रॅम, म्हणजे 15 किलोला 3 मिलीग्रॅम. बाटली एका दाबाला 0.5 मिलीग्रॅमची असेल तर सहा दाब, तीन एका नाकपुडीत, तीन दुसऱ्या. मात्र 1.25 मिलीग्रॅमच्या बाटल्याही मिळतात आणि त्यातून सहा दाब मारले तर अडीचपट औषध जाऊन श्वास मंदावू शकतो. म्हणून "किती दाब" हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि तोच आकडा बाटलीवर चिकटवा. नवी बाटली आधी दोन-चारदा हवेत दाबून चालू करायची, मारताना उभी धरायची. चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये बहुधा मागवावी लागते. मे महिन्यात टिनाच्या छपराखालच्या फळीवर ती ठेवू नका.

प्रश्न: मुलगी 9 वर्षांची, मतिमंद आहे आणि झटकेही येतात. शिबिरात "मिरगीला प्रमाणपत्र मिळत नाही" म्हणून परत पाठवलं. खरं आहे का?
— एक शेतकरी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर: अर्धं खरं. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, त्यांत निव्वळ मिरगीचं नाव नाही. पण बौद्धिक अक्षमता आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसणं) आहे, बहुविकलांगता आहे. भाऊ, तुम्ही मिरगीची फाइल पुढे केली असेल तर खिडकीवरच्या माणसानं तेवढंच वाचलं. अर्ज करताना प्रकार "बौद्धिक अक्षमता" निवडा. हातापायांत कडकपणा, नजर किंवा ऐकण्याचा दोष असेल तर त्याचीही तपासणी मागा, कारण एकापेक्षा जास्त दोष असले की टक्केवारी एकत्र मोजली जाते.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, सेतू केंद्रातून. मुलीचं आधार, रहिवासी पुरावा, फोटो आणि जिल्हा रुग्णालयाची निवड. आधार तान्हेपणी काढलं असेल तर पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे आधी अद्ययावत करा. ठसे उमटत नसतील तर अपवादाची सोय असते, ती मागून घ्यावी लागते. बुद्ध्यांक चाचणीच्या सकाळी औषध चुकवू नका. "पोरगी ताजीतवानी दिसावी" म्हणून डोस टाळणारे पालक असतात आणि मग तपासणीच्या टेबलावरच झटका येतो. त्या दिवशी झटका आलाच तर चाचणी रेटून नेऊ देऊ नका, दुसरी तारीख घ्या. झटक्यानंतरच्या गुंगीत केलेली चाचणी खरी नसते.

40 टक्के आणि पुढे असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. दिव्यांग कार्ड 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 पासून निळं; पांढरं म्हणजे 40 पेक्षा कमी. कार्ड हाती आलं की पहिली पायरी तहसीलची संजय गांधी निराधार शाखा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50 हजार आहे आणि 2025 मध्ये दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार झालं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजुरी येऊनही पैसे अडकतात, हे सर्रास घडतं. दुसरं, राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा: वर्षाला एक लाखापर्यंत, दारिद्र्यरेषेखाली 250 रुपये, वरच्यांना 500. आधीपासूनचा आजार म्हणून नकार नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि फिजिओथेरपीही त्यात येते. मूळ बिलं जपा, झेरॉक्स चालत नाही. एसटीत 75 टक्के सवलत मिळते. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांवर खर्चावे लागतात; ग्रामसभेत लेखी मागणी द्या, तोंडी मागणी इतिवृत्तात चढत नाही.

प्रश्न: सात महिन्यांचं बाळ झोपेतून उठलं की पुन्हा पुन्हा वाकतं, हात पसरतं, मग रडतं. घरचे पोटदुखी म्हणून डंबा (तापल्या लोखंडाचा चटका) द्यायचं म्हणतात. मी काय सांगू?
— एक आशा सेविका, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर: डंबा थांबवा आणि आजच मोबाइलवर व्हिडिओ काढा. एक-दोन सेकंदांचं वाकणं, थोडं थांबून पुन्हा, असे एका दमात दहा-वीस, तेही उठल्यावर: ही तान्ह्या बाळांच्या झटक्यांची खास ओळख आहे. पोटदुखीचं बाळ पाय पोटाशी घेऊन सलग रडतं, असं ठेका धरून वाकत नाही. बाळ आधी हसायचं, आता हसत नाही, नजर देत नाही असंही दिसेल. यात एकेक आठवडा मोलाचा असतो, उशीर झाला की बुद्धीची हानी भरून येत नाही. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हिडिओ दाखवून संदर्भ चिठ्ठी घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवा, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे तेच पाठवतात. ईईजीसाठी (मेंदूच्या लहरींची तपासणी) नागपूरच्या मेडिकल किंवा एम्सपर्यंत जावं लागलं तरी घरच्यांना तयार करा. उपचार स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिनचे असतात. स्टेरॉइड सुरू असताना लसीकरणाच्या दिवशी सिस्टरला ते आवर्जून सांगा. जिवंत लसी तेव्हा पुढे ढकलतात.

प्रश्न: मुलाला सिकलसेल आहे. परवा पहिल्यांदा झटका आला. मिरगी समजायची का?
— जि. गडचिरोली

उत्तर: नाही, आधी पक्षाघात समजून धावायचं. सिकलसेलमध्ये मेंदूची रक्तवाहिनी तुंबू शकते. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं का ते पाहा. काही दिसलं नाही तरी सिकलसेलचं कार्ड घेऊन आजच जिल्हा रुग्णालय गाठा. झटक्याच्या गोळ्यांवर समाधान मानू नका, मेंदूचं स्कॅन व्हायला हवं.

प्रश्न: "वर्गात झटका आला तर जबाबदारी कोणाची?" म्हणून शाळा आठ वर्षांच्या मुलीला घेत नाही. कार्ड 50 टक्क्यांचं आहे.
— अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर: 40 टक्के आणि त्यापुढच्या मुलांना 6 ते 18 वर्षं जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क 2016 च्या कायद्यानंच दिला आहे, नकार बेकायदा आहे. पण गुरुजींची भीतीही खोटी नाही, ती कागदानं घालवा. एका पानावर लिहून द्या: झटका कसा दिसतो, कुशीवर वळवा, 5 मिनिटांची मर्यादा, औषध, दोन फोन नंबर. तळ्यावरची सहल आणि झाडावर चढणं तेवढं वगळा, खेळाच्या तासाला बसवून ठेवू नका. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा. तरीही अडलं तर अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, दोन प्रतींत, एकीवर पोच घेऊन.