‘यस्टर्डे’बरोबर ‘हॅव’ का चालत नाही?

प्रश्न असा आला आहे: ‘मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात डिझाइनमध्ये आहे. ग्राहकाला मेल लिहिला, “आय हॅव सेंट द ड्रॉइंग यस्टर्डे”. साहेबांनी त्यातलं “हॅव” काढायला लावलं. मराठीत “काल ड्रॉइंग पाठवलं आहे” म्हणतोच की आपण, मग इंग्रजीत काय बिघडलं? सिन्स, फॉर, ऑलरेडी, येट यांतलं कोण कोणत्या काळाबरोबर जातं याची यादी मिळेल का?’

साहेबांचं बरोबर आहे. यादी मात्र मी देणार नाही, कारण असल्या याद्या पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. ‘धिस मॉर्निंग’च घ्या. सकाळी दहाला ‘हॅव यू सीन द पेपर धिस मॉर्निंग?’ अगदी ठीक. संध्याकाळी पाचला हेच विचारायचं तर ‘डिड यू सी’. शब्द तोच, फक्त मधे सकाळ सरली. यादीत त्याला कुठे टाकणार?

मराठीतलं ‘पाठवलं आहे’ एवढंच सांगतं की काम झालेलं आहे. कधी झालं, याची त्याला फिकीर नसते. काल, परवा, गेल्या मार्चमध्ये, वाट्टेल ते जोडा. इंग्रजीतलं ‘हॅव सेंट’ मात्र एका कालावधीबद्दल बोलतं आणि त्या कालावधीचं अलीकडचं टोक ‘आत्ता’ला टेकलेलं असावं लागतं. टुडे, धिस वीक, सो फार, सिन्स मंडे हे सगळे आत्तापर्यंत येऊन पोचतात. यस्टर्डे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१५ हे ‘आत्ता’च्या आधीच कुठेतरी संपून जातात, म्हणून तिथे साधा ‘सेंट’. तुम्ही एका वाक्यात ‘आत्तापर्यंत’ आणि ‘काल’ अशी दोन टोकं एकदम धरलीत.

यात मराठी माणसाचं काही कमी आहे असं समजू नका. जर्मन आणि फ्रेंच माणसं त्यांच्या भाषेत ‘काल’ला असाच पूर्णकाळ खुशाल जोडतात. हा सोवळेपणा इंग्रजीचा, आणि तोही अर्धवट. ‘ही मस्ट हॅव सेंट इट यस्टर्डे’ तिला बिनतक्रार चालतं! बंदी फक्त ‘हॅव’ आणि ‘हॅज’ स्वतः वर्तमानकाळात असतील तेव्हा.

‘आत्ता’चा हा हट्ट किती पक्का आहे त्याचं माझं आवडतं उदाहरण नाशिकचंच आहे. ‘कुसुमाग्रज नाशकात राहिले आहेत’ या मराठी वाक्यात कुणालाच काही खटकणार नाही. पण ‘कुसुमाग्रज हॅज लिव्हड इन नाशिक’ म्हटलं की इंग्रजी कानाला वाटतं, तात्यासाहेब अजून हयात आहेत. ते १९९९ साली गेले, तेव्हा ‘लिव्हड’च हवं. वाक्यात एकही कालवाचक शब्द नाही, तरी काळ ठरतो.

‘कधी’ हा शब्द आपल्याला असाच चकवतो. ‘तू कधी ब्रह्मगिरीची फेरी केली आहेस का?’ यातला ‘कधी’ म्हणजे ‘एव्हर’: आजवरच्या आयुष्यात एकदा तरी. तिथे ‘हॅव यू एव्हर डन’. ‘तू फेरी कधी केलीस?’ यातला ‘कधी’ म्हणजे ‘व्हेन’. उत्तर येणार ‘गेल्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी’. तो सोमवार संपला, म्हणून ‘व्हेन डिड यू’. ‘व्हेन हॅव यू डन’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, ते या दोन ‘कधीं’च्या गोंधळातून.

सिन्स आणि फॉर. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘२०१५पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’, म्हणून ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं. यावर इंग्रजी नियम घोकण्यापेक्षा मराठीतच तपासून पाहा: ‘पासून’ काढून ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावता येतं का? ‘गेली पाच वर्षं’ येतं, तर ‘फॉर’. ‘गेल्या सिंहस्थापासून’मधला ‘पासून’ काढता येत नाही, तर ‘सिन्स’. (मराठीतही मला ‘पाच वर्षांपासून राहतो’पेक्षा ‘गेली पाच वर्षं राहतोय’ जास्त गोड लागतं, पण तो वेगळा वाद.)

त्याहून महाग पडणारी चूक पुढे आहे. आपण म्हणतो ‘मी गेली पाच वर्षं इथे काम करतोय’, म्हणजे सरळ वर्तमानकाळ. त्यावरून ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ तयार होतं. समोरच्याला अर्थ कळतो, हरकत नाही. पण ते सुधारायला जाऊन कुणी ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ केलं, तर त्याने नोकरी सोडली असाच अर्थ निघतो. चालू नोकरीला ‘आय हॅव वर्क्ड’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग’. मुलाखतीला जाताना एवढं तरी लक्षात ठेवा.

‘हॅड’चं दुखणंही ‘होतो’मधून आलंय. ‘मागच्या वर्षी वणीला गेलो होतो’ याचं आपण ‘आय हॅड गॉन’ करतो आणि ऐकणारा वाट बघत बसतो, की त्यानंतर काय झालं? भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचं सांगायचं नसेल तर ‘आय वेंट’ पुरतं.

आता तुमचा मेल. बातमी देताना ‘हॅव’, तपशील देताना साधा भूतकाळ, ही इंग्रजी वार्ताहरांची सवय इथे कामाला येते. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला ‘हॅज रीच्ड’. गंगापूर धरणातून विसर्ग सकाळी सहाला ‘बिगॅन’. तसंच लिहा: ‘आय हॅव सेंट द ड्रॉइंग. आय मेल्ड इट यस्टर्डे अ‍ॅट फोर.’

ऑलरेडी, येट आणि जस्ट यांच्याबरोबर ब्रिटिश वळणात ‘हॅव’ येतो, अमेरिकन बोलण्यात साधा भूतकाळही चालतो. तेव्हा तुमचा ग्राहक अमेरिकन असेल आणि त्याने ‘डिड यू सेंड इट येट?’ असं विचारलं, तर साहेबांना सांगा, त्याचं काही चुकलेलं नाही.